न ओढलेली बिडी

कामावरून सुटले की दामूकाका कारखान्याच्या फाटकाशी गूळ चघळत उभे राहायचे. पनवेलच्या वेशीवरचा तो छोटा कारखाना नळाच्या तोट्यांना क्रोमचा मुलामा देतो. सुटताना प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायची तिथली रीत. गुळाने छातीतली घाण उतरते, यावर सगळ्यांचा गाढ विश्वास. म्हणून मास्क खुंटीला आणि गूळ तोंडात.

मी तिथे आमच्या संघटनेची पत्रकं वाटायचे: टाक्यांवर वाफ ओढणारे पंखे लावा, कामगारांचं रक्त तपासा. जवळच्या विचुंबे गावचे दामूकाका पत्रक घेऊन हसायचे. "पोरी, तू लिवतेस झ्याक. पन आमाला गूळ हाय, काय होत नाय!"

टपरीवर कुणी बिडी पेटवली की मात्र ते उठून जायचे. "सरा रे तिकडं, त्या वासानं माजा जीव जातो."

खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा मीच त्यांना दवाखान्यात नेलं. फुप्फुसात गाठ निघाली, रक्तात क्रोमियम आणि निकेल जास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तातल्या धातूंवरून एका माणसाच्या कॅन्सरचं कारण सिद्ध होत नाही. पण अशा वाफेत वर्षं काढणाऱ्यांना धोका वाढतो. तंबाखूचं व्यसन नसेल, तर कामामुळे झाल्याची दाट शक्यता आहे असं मी लिहून देईन. बिडी ओढता?"

पंखे लावून घ्यायला तो कागद आम्हाला हवाच होता.

काकांनी जमिनीकडे पाहिलं. "ओढतो. लय ओढतो. पयल्यापासून."

बाहेर आल्यावर मी ओरडलेच. "काका, खोटं का बोललात?"

"तुजा कागद सरकारात गेला का मालक टाळा लावल. मंग आतली मानसं खातील काय? मी तर चाललोच हाय."

"पंखे लागले असते!"

"पंखं नाय लागत, पोरी. बाजूच्या कारखान्याची तक्रार झाली, तवा टाळाच लागला. बगितलाय आमी."

मालकाला काही बोलावंच लागलं नाही. त्याची बाजू मरणाऱ्या माणसाने मांडली होती.

काका गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकावर गेले. "बिडीनं खाल्लं बिचाऱ्याला," सुपरवायझर म्हणाला. कामगारांच्या माना हलल्या. त्यांच्यातल्या एकानेही दामूकाकांना कधी बिडी ओढताना पाहिलं नव्हतं. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. कुणी नजर वर केली नाही.

घंटा झाली आणि सगळे आत गेले.