डॉक्टरसाहेबांची हार
कार्बोलिक साबणाचा वास आला की मला ग्वाल्हेरच्या दाना ओली या गल्लीतली आमची माडी आठवते. संस्थानाचा काळ होता. माझ्या यजमानांना क्षय झाला होता आणि सरकारी इस्पितळातले डॉक्टरसाहेब रोज संध्याकाळी त्यांना बघायला येत. तपासून झालं की त्याच वासाच्या हातांनी बुद्धिबळाचा पट मांडत. सबंध ग्वाल्हेरीत त्यांना हरवणारा कुणी नव्हता, आणि दया म्हणून डाव सोडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, मग समोर आजारी माणूस का असेना. एका संध्याकाळी मात्र यांनी त्यांच्यावर चक्क प्याद्यानं मात केली. जुन्या खेळाडूंत याहून मोठा मान नाही. "वा भाई, कमाल केलीत!" म्हणत डॉक्टरसाहेब घाईघाईनं बॅग आवरू लागले. मी हरखून साखर आणायला आत धावले. परत आले तर हे त्यांचा हात धरून हळूच विचारत होते, "डॉक्टरसाहेब, आता काही इलाज उरला नाही का?" डॉक्टरसाहेब दुसऱ्या हातानं बॅगेचा पट्टा आवळत राहिले. साखरेची वाटी माझ्या हातातच राहिली. आता नात माझ्याशी खेळते. हरली की रुसते, रडते. तरी मुद्दाम हरणं मला अजून जमत नाही.