फुलपात्रातली पेतीत आर्विन

कोरोनाच्या त्या हिवाळ्यात आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या फ्लॅटमध्ये बायकोने सरहद्द आखली होती. सासरे लेकीकडे महिनाभर राहायला म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. त्यांना जुना दमा. पंप कायम शर्टाच्या खिशात. लस अजून कुणालाच मिळाली नव्हती. अशात मला एक दिवस हेगच्या ऑफिसात जाऊन यावं लागलं. परत आलो तो बायकोने मला थेट मागच्या खोलीत धाडलं. जेवणाचं ताट दाराबाहेर, मी खिडकी उघडी टाकून आत कुडकुडत. "आपल्याला झालं तर निभावून नेऊ रे," ती म्हणाली, "पण बाबांना झालं तर?" पुढचं वाक्य आम्ही दोघंही कधी पुरं करत नव्हतो.

माझी बॉस स्वित्झर्लंडमधल्या डोंगराळ मुलखातली. टीमची मरगळ जावी म्हणून तिने प्रत्येकाच्या घरी तिकडच्या पांढऱ्या वाइनची एकेक बाटली पाठवली आणि दुपारी चारला सगळ्यांना स्क्रीनवर बोलावलं. वाइनचं नाव पेतीत आर्विन. माझी अडचण वेगळीच होती. सासरे निवृत्त हेडमास्तर आणि घरात दारूची बाटली दिसली तर जावयालाच वर्गाबाहेर उभं करणारे. म्हणून बाटली कपाटात स्वेटरांच्या मागे आणि वाइन स्टीलच्या फुलपात्रात! कॅमेऱ्यात फक्त माझा चेहरा येईल असा लॅपटॉप लावून बसलो.

बॉस तिच्या गावाचे फोटो दाखवत होती. डोंगर इतका उभा की त्यावर उभं राहायलाही हिंमत लागावी. दगडावर दगड रचून केलेल्या ताली, तालीगणिक द्राक्षांच्या चार ओळी. तोडणीच्या वेळी माणसं कमरेला दोर बांधतात म्हणे. वरच्या बर्फाचं पाणी कड्याला लटकवलेल्या लाकडी पन्हळींतून मळ्यात येतं. मग तिने एकेकाला विचारलं, कसला वास येतोय?

मला कसलाच येत नव्हता. पण मी आधी इंटरनेटवर घोकंपट्टी केली होती. कॅमेऱ्याबाहेर वाकून फुलपात्र हुंगलं आणि डोळे मिटून मी म्हणालो, "पपनसाची साल. मागून ओला दगड. आणि शेवटी किंचित खारटपणा." बॉस चकित झाली. "तुझं नाक फारच तयार आहे!" मी विनयाने मान झुकवली. त्यातला खारटपणा तेवढा खरा होता, तो जिभेला लागला होता.

इतक्यात स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म किंचाळायला लागला. मास्क चढवून धावलो. गॅसवर दूध आटून, करपून पातेल्याला लागलं होतं. खोकत खोकत बायको टॉवेलने धूर हाकलत होती. दूध ठेवून ती बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत बसली होती.

"अरे, तुझी खोली स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. इतका वेळ वास नाही आला तुला?"

मी फडताळातून हिंगाचा डबा काढला. डबा उघडला, मास्क खाली केला आणि हिंग नाकाशी धरला. काही नाही. आईने पाठवलेला तो हिंग. त्याच्या वासाने शेजारची डच बाई जिन्यात थबकते. पुन्हा हुंगला. काही नाही. बायकोने माझं तोंड पाहिलं आणि टॉवेल तिच्या हातातच राहिला.

"बाबा कुठे आहेत?" मी विचारलं.

धुराने श्वास कोंडला म्हणून सासरे उघडी खिडकी शोधत माझ्या खोलीत गेले होते. मी दाराशी पोचलो तेव्हा ते खिडकीला टेकून धापा टाकत होते. हातात माझं फुलपात्र. रिकामं.

"जावईबापू, पाणी आंबलंय तुमचं. खारटही लागलं."

लॅपटॉपवरून सात-आठ गोरे चेहरे हे बघत होते. मी दारातूनच ओरडलो, "बाबा, तोंड लावून प्यायलात का?"

एरवी त्यांच्या वरून पाणी पिण्याची मी चेष्टा करायचो. सोवळं अजून सुटलं नाही म्हणायचो. आत्ता मी त्याच सोवळ्याची भीक मागत होतो.

सासरे ताठ झाले. "आमच्या घरात कुणी दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावतं?" मग रिकाम्या फुलपात्राकडे बघत म्हणाले, "पण धाप लागली होती हो. नक्की नाही सांगता येत."

ते 'नक्की नाही' मी पुढचे दिवस भिंतीला कान लावून ऐकत राहिलो. माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली. बायकोची निगेटिव्ह. सासऱ्यांची घ्यायची ती थोडे दिवस थांबून, असं टेस्टवाल्यांनी सांगितलं. तोवर पलीकडे ते खोकायचे आणि मी अलीकडे उठून बसायचो. हा नेहमीचा, की नवा? खोकल्यातला फरक ओळखू बघणारा मी, ज्याला साधं जळलेलं दूध ओळखता आलं नव्हतं! बायको दारामागून विचारायची, "तुला काय वाटतं?" मी "नेहमीचाच" म्हणायचो. पेतीत आर्विनबद्दल बोललो होतो त्याच आत्मविश्वासाने. ती बहुतेक ओळखायची, कारण थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारायची.

रिपोर्ट आला त्या सकाळी बायकोच्या आधी सासरेच दारापाशी आले. बाहेरून काठी आपटल्यासारखा आवाज, मग घसा खाकरणं.

"निगेटिव्ह," ते म्हणाले. मग मुद्दाम, दमदार, दोनदा खोकून दाखवलं. "ऐकलंत? हा दम्याचा. माझा स्वतःचा. झोपा आता."

मी दाराला पाठ लावून तिथेच फरशीवर बसलो, आणि खरंच झोप लागली.