इकडचे पाच कोरे चौकोन

प्रल्हादकाका निमकर आणि हिमानी यांची पहिली भेट सुरू झाली तेव्हा डब्लिन, ओहायोतल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात एकशे ऐंशी मराठी माणसं जेवत होती. भेट संपली तेव्हा तिथे दोनच उरली होती, आणि त्यांतल्या एकीच्या पानातलं श्रीखंड वाळून त्याची वडी झाली होती.

चूक हिमानीचीच. नागपूरहून येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. २०२३ सालचा पाडवा, मराठी मंडळाचं पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, आणि ओळखीचं कोणी नाही. शेजारी पांढऱ्या मिशांचे, स्वेटरची सगळी बटणं लावलेले एक गृहस्थ येऊन बसले, तर काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "काका, टीव्ही वगैरे बघता का?"

आसपासच्या चार टेबलांवरचे चमचे हवेत थांबले. "अरे देवा," कोणीतरी म्हणालं. एका बाईंनी पोराला काखोटीला मारलं आणि अर्धी पुरी हातात घेऊन पार्किंग लॉट गाठला. पाच मिनिटांत ती सगळी बाजू अशी ओस पडली, की आग लागली असावी असं वाटून शाळेचा रखवालदार धावत आला. त्याने काकांना पाहिलं आणि तोही मागच्या मागे परत गेला.

काकांनी रुमाल काढला, मिशा पुसल्या आणि विचारलं, "कुठल्या वर्षापासून सांगू?"

सुरुवात १९८९ पासून झाली. २००३ च्या सुमाराला हिमानीचा डावा पाय बधिर झाला. २०११ मध्ये तिचा नवरा शंतनू गाडीची किल्ली वाजवत दोनदा येऊन गेला. २०१६ मध्ये शाळेने दिवे घालवले. २०१७ काकांनी अंधारात सांगितलं.

तर असे हे प्रल्हादकाका. मूळचे सांगलीचे. कोलंबसच्या एका विमा कंपनीत एकोणतीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसले आणि रिटायर होऊन टीव्हीसमोर बसले. खुर्ची तेवढी बदलली. पण नुसता टीव्ही बघणाऱ्यांतले ते नव्हते. ते टीव्हीची नोंद ठेवत. कुठली सीरियल सुरू झाली, कुठली कोणी कॅन्सल केली, कोण नट गेला, कोणाच्या जागी कोण आला, सगळं वहीत. आणि दर वर्षी त्या वहीतून मंडळाच्या दिवाळी अंकात त्यांचं एक पान असे: 'टीव्हीचं वर्ष'. पानावर दोन रकाने. डावीकडे 'इकडे', म्हणजे अमेरिका. उजवीकडे 'तिकडे', म्हणजे ब्रिटन. तिकडची बातमीदार काकांची धाकटी बहीण सुचित्रा, लेस्टरला राहणारी, दर रविवारी फोन करणारी. नोव्हेंबर ते ऑक्टोबर, दोन्हीकडे बारा-बारा चौकोन.

नियम कडक होते. पहिला नियम, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहायचं; तिकडचं सुचित्राच्या डोळ्यांनी. दुसरा, इंटरनेटवर मागवून बघतात तो टीव्ही नव्हे. "टीव्ही म्हणजे ठरल्या वेळी आपण जाऊन बसायचं. तो आपल्याकडे यायला काय पिझ्झा आहे?" तिसरा, बक्षिसं वाटणं ही घटना नव्हे, त्यामुळे गेम शो बाद. आवडती सीरियल कॅन्सल झाली, तर लांबचा नातेवाईक गेल्यासारखी काका डोक्यावरून आंघोळ करत. शैलजाकाकू, म्हणजे त्यांची बायको, ओली डोकी मोजून सांगू शकायच्या की त्या मोसमात किती सीरियली वारल्या.

मे महिन्यात ब्रिटनच्या राजाचा राज्याभिषेक झाला तेव्हा काका सकाळी पाचला उठून, आंघोळ करून, सिल्कचा झब्बा घालून बसले होते. काकूंनी शिरा केला होता. पुढे तीन रविवार बहीणभावांचं भांडण चाललं, की हा चौकोन कोणाचा. "दादा, राजा आमचा आहे," सुचित्रा म्हणे. "राजा तुमचा गं, पण झोपमोड आमची झाली," काका म्हणत. शेवटी तह झाला. तिकडच्या चौकोनात 'राज्याभिषेक' आणि इकडच्या चौकोनात 'पहाटे उठून बघितला'.

इकडच्या रकान्यात त्या वर्षी लिहिलेली ही शेवटची ओळ.

कारण मेच्या सुरुवातीलाच हॉलिवूडचे लेखक संपावर गेले होते आणि जुलैत नटही गेले. ठरल्या वेळी काका जाऊन बसत, तर समोर जुनेच भाग. त्यांनी जूनभर वाट बघितली, जुलैभर बघितली. ऑगस्टमध्ये तेच तेच बघताना ते पात्रांच्या आधी संवाद म्हणू लागले आणि काकू माहेरच्या माणसांना भेटायला टेक्सासला निघून गेल्या. सप्टेंबरात टीव्हीचा वार्षिक पुरस्कार सोहळा असायचा, तो जानेवारीवर ढकलला. जून ते ऑक्टोबर, पाच चौकोन कोरे.

इकडे मंडळात तोवर हिमानी दिवाळी अंकाची संपादक झाली होती. नवीन माणसाला संपादक करायची तिथे पद्धतच आहे. जुनी माणसं ते काम ओळखून असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्ष राजीव देवस्थळी यांचा तिला फोन आला.

"काकांचं पान यंदा ड्रॉप कर," राजीव म्हणाला. "तसंही अर्धं रिकामंच आहे म्हणे. घरं विकणाऱ्या एका एजंटची फुल पेज ॲड आलीये."

"पण वीस वर्षं येतंय ना ते पान?"

"हो. आणि वीस वर्षांत ते वाचलेला एक माणूस मला दाखव. मी त्याला स्टेजवर शाल देतो. तू जाऊन सांगून ये काकांना. तुझ्याशी त्यांचं पटतं म्हणे."

"कोण म्हणालं?"

"अगं, तू पाडव्याला २०१७ पर्यंत बसली होतीस! आमच्यातलं कोणी १९९४ च्या पुढे गेलेलं नाहीये."

शनिवारी दुपारी हिमानी गेली. मक्याची सिमेंटची माणसाएवढी कणसं शोभेसाठी रांगेत उभी केलेलं जे शेत आहे, त्याच्या मागच्या गल्लीत काकांचं घर. वाटेत तिने गाडीत तीनदा वाक्य म्हणून बघितलं: "काका, यंदा जागा कमी आहे." दार उघडलं तर टेबलावर वीस वह्या मांडलेल्या. चहा तयार. टीव्ही बंद.

"बरं झालं आलीस," काका म्हणाले. "तूच सांग काय करू. वीस वर्षांत एक चौकोन रिकामा गेला नाही. २००७ सालीही लेखकांचा संप झाला होता. पण तेव्हा लोकांना काही रीत होती. दिवाळीच्या चार दिवस आधी सुरू केला. अंक छापून झाला होता."

"काका, मग संपच लिहा ना त्या चौकोनांत."

"संप रस्त्यावर झाला, टीव्हीवर नाही."

"मग ते इंटरनेटवरचे शोज? मी लिस्ट काढून देते. दहा मिनिटांत पाचही भरतील."

काकांनी वहीवर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. प्रल्हादकाका गप्प बसलेले हिमानीने पहिल्यांदाच पाहिले. तिला त्या अंधारातल्या २०१७ ची आठवण आली आणि आपण ते परत ऐकायला तयार आहोत, असं वाटून ती स्वतःच दचकली. "जागा कमी आहे" हे वाक्य राहूनच गेलं. काहीतरी करायचं म्हणून तिने यंदाचा कच्चा कागद ओढला आणि तिकडचा रकाना मोठ्याने वाचायला लागली.

"मार्च. शनिवारचा फुटबॉलचा कार्यक्रम. निवेदक नाही, तज्ज्ञ नाहीत, कॉमेंटरी नाही. नुसता खेळ. वीस मिनिटांत संपला." ती थांबली. "हे काय काका?"

"अगं, त्यांच्या निवेदकाला कामावरून बाजूला बसवलं होतं. त्याच्यासाठी बाकीचे सगळेही घरी बसले. बोलायलाच कोणी नाही! तसाच दाखवला."

"मग लोक चिडले असतील."

"छे! नेहमीपेक्षा जास्त लोकांनी बघितला. सुचित्राचा नवरा कधी बघत नाही, तोही बसला होता."

स्वयंपाकघरातून शैलजाकाकू हात पुसत बाहेर आल्या. टेक्सासहून त्या परवाच परतल्या होत्या.

"मग तुम्हीही तसंच करा की," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"कोरं छापा. काही बोलू नका. वीस वर्षं बोलताच आहात. खरं सांगते, हे तुमचं पहिलं पान आहे जे मला बघावंसं वाटतंय."

काकांनी बायकोकडे पाहिलं, मग कागदाकडे. मग पट्टी घेतली आणि पाच रिकाम्या चौकोनांच्या कडा शाईने पुन्हा एकदा ठळक केल्या. "जे घडलं नाही, ते नाही घडलं," ते म्हणाले. "लिहून घे हिमानी. याच मापात. एक सुतभर लहान करायचा नाही."

हिमानीने लिहून घेतलं. पान ड्रॉप झाल्याचं सांगायला आली होती, ती दोन कप चहा पिऊन घरी गेली.

रविवारी झूमवर मीटिंग झाली. राजीव ऐकेना. "कोरे चौकोन? अगं, लोक म्हणतील प्रिंटरची शाई संपली. ते काही नाही, ॲडच जाईल."

"ठीक आहे," हिमानी म्हणाली. "मग तुम्ही काकांना फोन करून तसं सांगा."

खजिनदारांनी कॅमेरा बंद केला. सांस्कृतिक विभागाच्या बाईंचं नेटवर्क गेलं.

"मी?" राजीव म्हणाला.

"अध्यक्ष आहात. ते म्हणतील, असं का? मग तुम्ही समजावून सांगायचं. मग ते विचारतील, कुठल्या वर्षापासून सांगू?"

राजीवने डोळे मिटले. "छापा," तो म्हणाला.

एजंटची जाहिरात पाककृतींच्या मध्ये गेली. अंक छापून आला. आणि दिवाळीच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी हॉलिवूडच्या नटांचाही संप मिटला. बातमी ऐकून काका एवढंच म्हणाले, "महिनाभर आधी मिटवायला काय झालं होतं?"

कार्यक्रमाच्या दिवशी काका कॅफेटेरियाच्या दाराशी स्वेटरची सगळी बटणं लावून उभे होते. आधी आली ती सिया, वय वर्षं नऊ. "काका, इज धिस अ कलरिंग पेज?" तिच्यामागोमाग तिचे बाबा आले. "काका, प्रिंटिंग मिस्टेक झालीये वाटतं." मग दोन काकू आल्या. मग नवीन आलेली पुण्याची पाच पोरं आली. माणसं आपल्या पायांनी चालत प्रल्हादकाकांकडे येत होती आणि त्यांना विचारत होती! फराळाची रांग एका बाजूला आणि काकांची रांग दुसऱ्या बाजूला, अशी वेळ आली. रखवालदार कौतुकाने बघत होता. हिमानीने मोजली, चौतीस माणसं. आणि काका प्रत्येकाला, मिशा पुसून, फक्त एवढंच सांगत होते, "काही घडलं नाही."

चौतिसावा राजीव होता. पानात करंजी घेऊन तोही विचारायला आला. "काका, पण मग त्या पाच महिन्यांत तुम्ही केलंत तरी काय?"

"बसलो होतो," काका म्हणाले. "ठरल्या वेळी."

घरी जाताना गाडीत शैलजाकाकूंनी त्यांना शाल पांघरली. मंडळाची नव्हती, घरचीच. थंडी होती.

२०२४ च्या अंकात इकडचे बाराही चौकोन भरलेले होते. त्या पानाबद्दल काकांना कोणीही काही विचारलं नाही.