सत्तरच्या पुढची थरथर

पिकअप नवी होती. शोरूममधून आणून चारेक महिने झाले असतील. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मी अजून काढलं नव्हतं. आणि तिच्या हौद्यातून सडक्या अंड्यांचा वास येत होता. पाण्याचा पाइप लावून धुवा, फिनाईल ओता, दिवसभर उन्हात उघडी ठेवा, तो वास जायचा नाही. कारण दर फेरीला नवी अंडी तडकायची. पिवळा बलक पत्र्याच्या खाचांमध्ये उतरायचा, उन्हानं चिकट व्हायचा आणि त्यावर माश्या बसायच्या. वारा कारखान्याकडून आला की मळीचा वासही त्यात मिसळायचा. त्या दिवसांत मी जेवायला बसले तरी हाताला तोच वास यायचा आणि ताट सरकवून द्यावंसं वाटायचं.

अंकुशनगरच्या साखर कारखान्यापासून थोड्या अंतरावर आमचं शेत आहे. तिथं मी अंड्याच्या कोंबड्यांची शेड चालवते. नवरा अंबडला शाळेवर असतो. शेडचं सगळं माझ्याकडे. अंडी कागदी ट्रेमध्ये रचून दिवसाआड बीडला जातात. गावातला खडबडीत रस्ता संपला की हायवे लागतो, मग शहागडचा गोदावरीवरचा पूल, आणि पुढं सरळ चारपदरी रस्ता. खरं तर अंडी फुटायची तर गावातल्या खड्ड्यांत फुटायला हवीत. ती फुटत होती गुळगुळीत हायवेवर.

गाडी चालवायला मामा होते. नात्यातले नव्हेत. घनसावंगीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. शेडवरच्या सगळ्या बाया त्यांना मामाच म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायला लागले. आमची जुनी गाडी त्यांनी नऊ वर्षं चालवली. तिचे दरवाजे दोरीनं बांधावे लागायचे, पण त्या खटाऱ्यातूनसुद्धा ट्रे कोरडे पोचायचे.

नव्या गाडीच्या दुसऱ्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "ताई, ही गाडी सत्तरच्या पुढं गेली की थरथरून राह्यली."

"थरथरते म्हणजे?"

"बुडाखालून. गावात बिलकुल काही न्हाई. हायवेला लागलं की चालू. बीड येईपर्यंत अंगात मुंग्या भरतात."

मी तेव्हा खाद्याची पोती उतरवून घेत होते. "मग साठनं चालवा," एवढंच म्हणाले. मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात मामा एकटेच गाडी जालन्याला सर्व्हिस सेंटरवर घेऊन गेले. चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं म्हणून सांगत आले आणि एक पिवळा कागद माझ्या हातात दिला. वर छापील इंग्रजी, खाली कुणाचंतरी गिचमिड अक्षर. मी तो न वाचता गाडीच्या खणात कोंबला.

थरथर तशीच राहिली. साठनं गेलं की बीडला उशीर व्हायचा, म्हणून मामांना सत्तरच्या वर न्यावीच लागायची. दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेले. काचेची एसी खोली, भिंतीतून दर थोड्या वेळानं फुस्स करून सुटणारा अत्तराचा फवारा, मशीनचा पातळ गोड चहा. तिथला सल्लागार चकचकीत बुटातला. बोलताना माझ्याकडं न बघता हातातल्या स्क्रीनकडं बघायचा. "मॅडम, नवी गाडी आहे, सेट व्हायला वेळ लागतो." मी म्हटलं, दोन महिने झाले. "मग रोड कंडिशन असेल." मी म्हटलं, खराब रस्त्यावर होत नाही, चांगल्यावरच होतं. तो हसला. अंगणवाडीतल्या पोराकडं बघून हसावं तसा. "लेडीजला जरा जास्त जाणवतं, मॅडम."

त्यांनी टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले. काहीच फरक पडला नाही.

तिसऱ्या खेपेला तो मला गाडीपासून चार पावलं बाजूला घेऊन गेला. मामा तिकडं झाडाखाली उभे होते. आवाज खाली आणून म्हणाला, "एक विचारू का? राग मानू नका. तुमचा ड्रायव्हर घेतो का? घेणाऱ्यांच्या हाताला कंप असतो. स्टेअरिंग तेच हलवतात आणि गाडीचं नाव होतं. आम्ही रोज बघतो."

मी काहीतरी पुटपुटले. पण परत येताना जालन्याच्या खराब रस्त्यावर गाडी साठच्या वर जात नव्हती, तरी वाटेत मी मामांच्या हातांकडं बघत होते.

त्यानंतर मला सगळीकडं तेच दिसायला लागलं. बीडहून आले की ते नळाखाली तोंड धुवायचे आणि चहा घ्यायचे. पेला धरलेला हात खरंच कापायचा. दोन्ही हातांनी धरला तरी चहा हिंदकळायचा. हे आधी कसं दिसलं नाही, असं मला वाटलं. हात कापतो तो कशामुळं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

मग एका दुपारी बीडच्या दुकानदाराचा फोन आला. "ताई, ट्रे ओले येऊन राह्यले. खालची थप्पी सगळी चिकट. वासानं गिऱ्हाईक परत जातं. असं असलं तर मी दुसरीकडून मागवतो." फोन ठेवला आणि त्याच वेळी गाडी आवारात शिरली. मामा उतरले. हौद्याचं फाळकं उघडताच तो वास अंगावर आला. दोन बाया पाण्याच्या टाकीपाशी ट्रे निवडत बसल्या होत्या.

"मामा, इकडं या," मी म्हटलं. "तोंड उघडा. फुंकर मारा."

त्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. त्या दोघींचे हात थांबले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस माझ्यासमोर उभा राहिला, थोडा वाकला आणि माझ्या तोंडावर फुंकर मारली. बडीशेपेचा वास आला. मला तोसुद्धा संशयाचा वाटला. वास मारायलाच खाल्ली असणार. मी तेही बोलून दाखवलं.

मामांनी खिशातून किल्ली काढली आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ठेवली.

"माझ्या बापानं दारूत घर घालवलं, ताई. म्हणून मी जन्मात शिवलो न्हाई. हे तुम्हाला माहिती व्हतं."

माहीत होतं. त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. ते फाटकातून बाहेर पडले आणि चालत रस्त्याकडं गेले. मी त्या बायांना म्हटलं, "बसल्या काय, आवरा."

दुसरा ड्रायव्हर लगेच मिळेना. अंडी थांबत नाहीत. मी स्वतःच गाडी काढली. चालवायला मला येत होतं, फक्त हायवेला कधी नेली नव्हती. पूल ओलांडला, काटा सत्तरवर गेला आणि सीटखाली काहीतरी जिवंत झालं. आधी बारीक गुणगुण, मग पायाखालचा पत्रा, मग पाठीचा कणा. दात एकमेकांवर आपटत नव्हते एवढंच. मागच्या आरशातलं सगळं दुहेरी दिसायला लागलं. वेग कमी केला की सगळं शांत, वाढवला की पुन्हा चालू. गेवराईच्या पुढं तर मी गाडी बाजूला लावून खाली उतरून बघितलं, चाक निसटतंय की काय म्हणून.

बीडला दुकानदारानं चहा दिला. मी बशी उचलली आणि ती कपाला लागून टणटण वाजायला लागली. माझा हात कापत होता. दोन्ही हात कापत होते. दुकानदार म्हणाला, "काय ताई, बरं न्हाई का?" मला माझीच इतकी किळस आली की दुकानामागं जाऊन मी ओकले.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आधी गाडीचं काय ते बघ. मग त्यांच्याकडं जा. नुसतं माफ करा म्हणायला जाऊ नको."

सर्व्हिस सेंटरवर पुन्हा गेले. सल्लागार शेजारी बसला, शहरातल्या गर्दीत चाळीसनं एक चक्कर मारली आणि "कुठंय मॅडम?" म्हणाला. हायवेला चला म्हटलं तर म्हणे, तशी पॉलिसी नाही.

मग एका ओळखीच्या माणसानं जालन्यातच मस्तगडच्या मागं एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं दुकान सांगितलं. ट्रॅक्टर आणि ट्रकचं लेथवरचं काम करायचे ते. मी गेले तेव्हा ते एका स्टुलावर बसून भजी खात होते. त्यांनी गाडीकडं बघितलं नाही, मला विचारलं, "बाई, थरथर हातात येती का बुडाखाली?"

"बुडाखाली."

"मंग पुढचे चाकं न्हाईत. ब्रेक मारल्यावर वाढती?"

"नाही."

"चला, बैठो."

हात पुसून ते स्वतः चालवायला बसले. शहराबाहेर मोकळा रस्ता लागल्यावर ऐंशीला नेली, थरथर सुरू झाली आणि त्यांनी गियर काढून टाकला. इंजिनचा आवाज एकदम खाली आला, गाडी नुसती पळत राहिली. थरथर मात्र जशीच्या तशी. "बघितलं? इंजनचा कसूर न्हाई. जे चाकाबरोबर फिरतं, त्यात खराबी आहे." चार महिन्यांत एवढी साधी गोष्ट कुणी करून बघितली नव्हती.

दुकानात त्यांनी गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली आणि खाली शिरले. इंजिनची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब लोखंडी नळा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. तो हातानं फिरवत त्यांनी एक खडू त्याच्याजवळ अगदी स्थिर धरला. नळा सरळ असता तर सगळीकडून रेघ उठली असती. खडू एकाच बाजूला लागला. मग त्यांनी बोटं फिरवली आणि मला खाली बोलावलं. साडी सावरत मी गाडीखाली सरकले. त्यांनी माझा हात धरून एका जागी टेकवला. खोलगट पोचा लागला.

"साखळीचा मार आहे. ट्रेलरवर चढवून आणताना इथं आवळली. आणि हे बघा." त्यांनी पान्याच्या टोकानं खरवडलं. जाडसर काळ्या रंगाचे पापुद्रे निघाले, खाली साखळीच्या कड्यांचे वण स्पष्ट दिसले. "हा कारखान्याचा रंग न्हाई. ब्रशनं मारलाय कुणीतरी."

तेव्हा मला पिवळा कागद आठवला. खणातून काढला. गिचमिड अक्षर मराठीत होतं. बॅलन्सिंगच्या खाली, तपासणाऱ्या मेकॅनिकनं लिहिलं होतं: शाफ्टला मार आहे, साहेबांना दाखवला. पहिल्याच खेपेला. मामांनी तो कागद माझ्या हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी तो काउंटरवर ठेवला. सल्लागारानं वाचला, त्याचं हसू गेलं. मग त्याचे साहेब बाहेर आले, मला आत बसवलं, कॉफी मागवली. ट्रान्सपोर्टवाल्याची चूक आहे म्हणाले. रंग गंज चढू नये म्हणून मारला असेल म्हणाले. नवा शाफ्ट आठ दिवसांत बसवून देऊ म्हणाले. सगळं मऊ आवाजात, जसं काही मला बक्षीस लागलं होतं.

"आणि माझा ड्रायव्हर दारू पितो, हे कशासाठी सांगितलं?" मी सल्लागाराला विचारलं.

"मी फक्त शक्यता सांगितली, मॅडम."

त्या खोलीतल्या अत्तराचा मला सडक्या अंड्यांपेक्षा जास्त उबग आला. पण तिथून उठताना हेही कळत होतं की त्यानं फक्त शक्यताच सांगितली होती. तोंड उघडायला लावलं ते मी.

शाफ्ट बसला. गाडी ऐंशीला पाण्यावरून गेल्यासारखी जायला लागली. संध्याकाळी सल्लागाराचा फोन आला: आमच्या कामाबद्दल कंपनीतून चौकशी होईल, तेवढे दहापैकी दहा द्या. मी शून्य दिलं. त्यानं काय झालं, मला माहीत नाही.

मग मी घनसावंगीला गेले. मामा स्टँडवरून काळीपिवळी जीप चालवत होते, माणसं भरत होते. अपमान चारचौघांत केला होता, म्हणून माफीही चारचौघांत मागायची असं मी ठरवून गेले होते. मी बोलायला लागले आणि त्यांनी मला थांबवलं. "इथं नको, ताई. पॅसेंजर बसून राह्यलेत." जीपच्या मागं गेलो. मी पोच्याचं सांगितलं, रंगाचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. माझे हात कापत होते तेही सांगितलं.

ते म्हणाले, "तुम्ही एकदा बीडला माझ्या बाजूला बसून आल्या असत्या, तर तवाच कळलं असतं."

"परत या, मामा."

"न्हाई. हितं बरं आहे."

"राग आहे का?"

"राग गेला. पण तुमच्यासमोर गाडीतून उतरलो की माझा हात तोंडाकडं जाईल. रोजच जाईल." एवढं बोलून ते जीपमध्ये जाऊन बसले. निघताना हॉर्न वाजवला. तो मला होता की रस्त्यातल्या म्हशीला, ते समजलं नाही.

शेडवर येऊन मी त्या दोघी बायांना बोलावलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. मामांचा काही दोष नव्हता, माझा होता, असं स्पष्ट सांगितलं. मोठी बाई ट्रे रचता रचता म्हणाली, "आम्हाला माहितीच व्हतं. मामा पीत न्हाईत."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठं इचारलं?" ती म्हणाली आणि पुढची थप्पी उचलायला वाकली.