विहीणबाई आणि धरणाचं पाणी

माझ्या साखरपुड्यात आईला कळलं, की माझे होणारे सासरे भीमेवरच्या मोठ्या धरणाच्या वीजघरात नोकरीला आहेत. त्याच धरणात आईचं सासर बुडालं होतं. तेव्हा ती नवी नवरी होती. बदल्यात मिळालेली जमीन मुरमाड निघाली आणि माझे वडील मरेपर्यंत भूमजवळ मामाच्या शेतात राबले. साखरपुडा मोडला नाही, पण आई त्या दिवशी जेवली नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी तिला धाराशिवला माझ्या घरी आणलं. आमच्या नळाला त्याच धरणाचं पाणी येतं. पहिल्याच दिवशी तिनं भरलेला तांब्या माझ्या हातात परत दिला.

"हे न्हाय पिणार म्या. बोरचं आण."

गल्लीच्या टोकाला हातपंप आहे, पाणी मचूळ. मी रोज कळशी आणू लागले. सासरे तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी काही दिवस सोसलं. मग एका सकाळी आई न्हाऊन बाहेर आली तसे खुर्चीतूनच म्हणाले, "विहीणबाई, आमचं पाणी प्यायला चालत न्हाय, अंगावर घ्यायला बरं चालतं?"

दुसऱ्या दिवसापासून आईची अंघोळही हातपंपाच्या पाण्यानं. ते ओढायचं मी. नवरा पेपरातून मान वर काढत नव्हता. मला सासऱ्यांचा संताप यायचा आणि आईचाही.

"किती दिवस करायचं हे?" मी तिला विचारलं.

"तुला जड होत आसंल तर सोड. म्या तशीच राहीन."

पुढं एकदा सासऱ्यांचे जुने सोबती घरी आले. चहा देताना मी ऐकत होते. वीजघर सुरू होऊन पहिल्यांदा दिवे लागले तेव्हाचं वर्णन चाललं होतं. बोलता बोलता सासरे म्हणाले, "धरणाआधी त्या जागी होतं काय? बाभळी आन् चार खोपटी."

आई काठी टेकत दारात आली. "आमचा केळीचा मळा होता, पाव्हणं. गहू कमरंएवढा यायचा. उन्हाळ्यात वाळूत कलिंगडं लावायचो. तुमी बघितलं नसंल."

"मोबदला मिळाला की तुमाला," सासरे म्हणाले.

"मामंजी, पुरे आता," मी म्हणाले.

"पुरे कसं? लेकीच्या घरात नळ आलाय तो कुणामुळं, हे कळू दे त्यांना."

"तुमच्या नळाचं पाणी तुमीच प्या मग. आजपासून स्वयंपाकही तुमचा तुमीच करा," मी म्हणाले.

पाहुण्यांनी कप तसेच खाली ठेवले. सासऱ्यांशी मी त्याआधी कधी अशी बोलले नव्हते. बोलले ते बरंच वाटलं.

दोन दिवस मी खरंच चूल त्यांच्यासाठी पेटवली नाही. शेजारणीनं डबा दिला. तिसऱ्या दिवशी नवरा पहिल्यांदा बोलला, तेही एवढंच, की आईला मामाकडं सोडून ये. आईनं आधीच पिशवी भरून ठेवली होती. भूमच्या एसटीत ती खिडकीशी बसली, पाय नीट लांब करता येईना.

"तू कशाला भांडलीस? तुला त्येंच्यातच ऱ्हायचंय," ती म्हणाली.

तिच्या पायांजवळची पिशवी मी माझ्या मांडीवर घेतली.

आता सासऱ्यांचं ताट मी वेळेवर वाढते. ते काही मागत नाहीत, मी काही विचारत नाही. वीजघराच्या गोष्टी त्यांनी सोडलेल्या नाहीत, फक्त मी घरात असले की आवाज उतरतो. दिवाळीला त्यांनी नवऱ्याकरवी निरोप दिला, विहीणबाईंना बोलवा. मी आईला तो सांगितला नाही.