उघड्या डोळ्यांनी मोजलेलं अंतर
गंधकाचा वास आला की मला तेरखेड्याचा माळ आठवतो. वडील फटाक्यांच्या कारखान्यात होते. चाचणीचे बार ते लांब विहिरीपाशी उडवायचे. उजेड दिसताच घड्याळ सुरू करायचं, आवाज येताच थांबवायचं आणि त्यावरून विहिरीचं अंतर काढायचं, असं मी ठरवलं होतं. पण वात पेटली की भीतीनं माझे डोळे मिटायचे आणि उजेड हुकायचा. असे चार बार वाया गेले. वडील येऊन म्हणाले, "एकच उरलाय, ऱ्हाऊ दे पोरी." "न्हाय अण्णा, लावा," म्हणत मी डाव्या हाताच्या बोटांनी पापण्या ताणून धरल्या. अंतर निघालं, अण्णांनी पावलं टाकून मोजलं, तर जवळपास तेवढंच भरलं. आता मी वेधशाळेत उपग्रहावर लेसर सोडते आणि तो तिथून परतायला लागलेल्या वेळेवरून उपग्रहाचं अंतर काढते. वेळ यंत्रच टिपतं. तरी लेसर सुटताना माझी डावी बोटं पापण्यांकडं जातात.