उभ्या गाडीला चाळीस

आमच्या स्कूटरचा काटा दोन वर्षं चाळीसवर अडकलेला होता. गाडी चालती असो की पंक्चर होऊन भिंतीला टेकलेली असो, काटा आपला चाळीसवर. दुरुस्त करायचं मी कधी मनावर घेतलं नाही, कारण त्या वेळच्या रत्नागिरीत चाळीसच्या वर जाऊ द्यायला खड्डेच तयार नसत. त्याच काट्यानं एका शिमग्यात माझा घात केला.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. आमचं घर पूर्णगडच्या अलीकडच्या एका वाडीत. आबा वारल्यापासून ते बंदच असायचं. दोघे भाऊ मुंबईला नोकरीत, आई माझ्याजवळ रत्नागिरीत. पण शिमग्यात गावदेवाची पालखी घरोघर फिरते, त्या दिवशी दार उघडं पाहिजे म्हणजे पाहिजे. बंद दिसलं तर पालखी पुढच्या घरी जाते, मागं फिरत नाही. आबांनी उभ्या जन्मात एकदाही दार बंद ठेवलं नव्हतं. त्या वर्षी दोन्ही भावांना रजा मिळाली नाही, आणि मला साहेबांनी हो-नाही करत दुपारपासूनची अर्धी दिली, तीही उपकार केल्यासारखी. सकाळपासून आई कनवटीला किल्ली लावून पायरीवर बसली होती. विहिरीवर पडल्यामुळं तिचा डावा हात प्लॅस्टरमध्ये. "दार बंद दिसलं, तर वर गेल्यावर तुझ्या बापसाला काय तोंड दाखवू?" हे मी घरात पाय टाकायच्या आधीच तिनं ऐकवलं.

माझी आई जन्मभर मागच्या सीटवरून एकच वाक्य बोलत आली: हळू चालव. त्या दिवशी मात्र पिशवीत नारळ घेऊन ती बसली आणि भाट्याचा पूल येईपर्यंत माझ्या पाठीत गुद्दे मारत राहिली. "हाण रे! बैलगाडी पुढं गेली!" बैलगाडी पुढं गेलेली नव्हती, पण मी हाणली. पूल उतरलो, आणि सुरूच्या झाडांखालून एक पोलीस शिट्टी फुंकत रस्त्यात आला.

"केवढ्यानं चालवताय? मागं बाईमाणूस हाय, हात मोडलेला हाय."

मी म्हटलं, चाळीसच्या आत होतो. त्यानं वाकून काटा पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं.

"उभ्या गाडीला चाळीस दावतोय. चालती केवढी असंल?"

काटा बिघडलाय हे मी समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, म्हणजे बिघडलेली गाडी रस्त्यावर आणलीत, हा आणखी एक गुन्हा. मी मदतीच्या आशेनं आईकडं वळलो.

"मी कधीची सांगतेय त्येला," आई पोलिसाला म्हणाली, "हळू चालव, हळू चालव. ऐकंल तर शपथ."

पोलिसानं तिच्याकडं मोठ्या आदरानं पाहिलं आणि तिला सावलीतल्या दगडावर बसवलं.

मग लायसन. ते दुसऱ्या शर्टाच्या खिशात. मग दंड. मी तयार होतो, पण पावतीपुस्तक सायबांकडं, आणि सायेब चहाला गेलेले. "मग असेच घ्या ना पैसे," मी हळूच म्हटलं. माणूस असा काही दुखावला की मलाच लाज वाटली. "पावतीबिगर आपण घेत नाय." आणि आई दगडावरून कडाडली, "लाच देतोस? आबांचा मुलगा ना तू?" जगातला एकच पोलीस पावतीशिवाय पैसे घेत नसेल आणि तो नेमका पालखीच्या दिवशी माझ्या वाट्याला यावा, याला काय म्हणायचं?

सायबांची वाट बघत आम्ही थांबलो, आणि मग सुरू झाली आमच्याकडची ती चौकशी. तुम्ही कुठचे? आईनं विचारलं. मंडणगडाकडचा. गाव कुठचं, वाडी कुठची, आजोळ कुणीकडं, मुलं किती, बायको गावाला असते की इथं. तोही तिला विचारत होता: हात कसा मोडला, प्लॅस्टर कधी काढणार, आंबा यंदा कसा. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होतो. पालखीचं मात्र आई अवाक्षर काढीना. शेवटी मीच ओरडलो, "आई, पालखी!"

"मी त्येंच्याशी बोलतेय ना," आई म्हणाली. मग, आंब्याचं बोलून झाल्यावर, तिनं सावकाश सगळं सांगितलं. बंद घर, आबा, मुंबईची मुलं, किल्ली. कनवटीची किल्ली काढून दाखवलीसुद्धा.

टोपी काढून पोलिसानं कपाळ पुसलं.

"आमच्याकडं बी आजच हाय पालखी," तो म्हणाला. "रजा नाय गावली. आयेला दिसत नाय, बायको एकटीच दारात उभी असंल." आणि माझ्यावर खेकसला, "मग मगाशीच बोलायला काय झालं होतं? जावा! पण हळू जावा."

मगाशीच बोलायला काय झालं होतं! मी गाडीला किक मारली. चौथ्या किकला ती सुरू झाली, आणि दहा पावलं जात नाही तोच पाठीत गुद्दा बसला. "हाण आता!"

गोळपच्या चढणीवर गाडी धापा टाकत होती आणि मी पोलिसाला, त्याच्या सायबांना, त्यांच्या चहाला, माझ्या साहेबांना शिव्या घालत होतो. आईला घालता येत नव्हत्या, म्हणून तिच्या वाटणीच्याही पोलिसालाच. वाडीत शिरलो तेव्हा ढोल शेजारच्या अंगणात वाजत होते. आमचं दार बंद बघून शेजाऱ्यांनी पालखी मुद्दाम नाचवत ठेवली होती. खांदेकरी घामानं निथळत होते. एक जण मला म्हणाला, "इतका उशीर? गाडी हाय ना तुज्याकडं?"

मी कुलूप काढलं, आईनं एका हातानं अंगणात पाणी शिंपडलं, आणि पालखी आली. आबा उभे राहायचे तिथं, उंबऱ्यापाशी, मी उभा राहिलो. आईनं नारळ ठेवला. आता गाऱ्हाणं घालायचं होतं, म्हणजे घरच्या माणसाचं मागणं गावकारानं मोठ्यानं देवाला सांगायचं. आई त्याच्या कानाशी लागली. मला वाटलं, हात बरा होऊ दे म्हणत असेल. किंवा तीन वर्षं रखडलेली माझी बढती. गावकारानं चमकून विचारलं, "नाव काय त्याचं?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. आजोळापर्यंत सगळं विचारून झालं होतं, नाव विचारायचं राहिलं होतं.

"देवाला कळंल," ती म्हणाली. "खाकी कपड्यात हाय, भाट्याला."

गावकारानं हात जोडले. "बा देवा म्हाराजा! या माऊलीनं तुज्या पुढ्यात जो काय नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे. वाटंत जो कोण पोलीस भेटला, त्येला आज घरला जायला गावलं नाय. त्येच्या घरची सेवा गोड मानून घे, आणि पुढल्या शिमग्याला त्येला त्येच्या दारात उभा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली. त्यात मीही होतो, आणि मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की आईनं वळून माझ्याकडं पाहिलं.